अर्धपोटी बुरशी

कुवेतमध्ये माती विकत घ्यावी लागते. इथल्या कुठल्याही नर्सरीत गेलात की प्लॅस्टिकच्या गोण्यांची थप्पी दिसते आणि प्रत्येक गोणीवर युरोपातल्या हिरव्यागार माळाचं चित्र असतं. आत असतं पीट, म्हणजे थंड प्रदेशातल्या दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेलं शेवाळ. ज्या देशात वर्षाचा पाऊस सरासरी शंभर-सव्वाशे मिलिमीटर आणि जिथे २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाह नावाच्या केंद्रावर ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, त्या देशातल्या गॅलरीतली तुळस उत्तर युरोपच्या चिखलावर जगते! तुळशीला त्याचं काही वाटत नाही, हे आपलं नशीब.

मी ज्या भागातून हे लिहितोय त्याचं नाव शर्क. अरबीत शर्क म्हणजे पूर्व. जुन्या कुवेत गावाचा हा पूर्वेकडचा मोहल्ला. खलाशी, मोती काढणारे पाणबुडे आणि जहाजमालक यांची ही वस्ती. इथल्या 'बूम' जातीच्या शिडाच्या जहाजांतून बसऱ्याकडचा खजूर मुंबईला आणि मलबारला जायचा, परतताना लाकूड, दोर, तांदूळ यायचे. १९६१ सालापर्यंत इथे व्यवहारात रुपया चालत होता. पिण्याचं पाणीसुद्धा शत्त-अल-अरब नदीतून जहाजात भरून आणत. १९५३ मध्ये शुवैखला समुद्राचं पाणी गोड करणारा कारखाना सुरू झाला आणि पाण्याचा प्रश्न इंजिनिअर लोकांनी सोडवला. आज शर्कमध्ये ४१४ मीटर उंचीचा अल हमरा टॉवर उभा आहे आणि रस्त्याच्या कडेला ओळीनं खजुराची झाडं आहेत.

पाणी कारखान्यात करता आलं. माती मात्र अजून कुणाला कारखान्यात करता आलेली नाही. इथल्या वाळूत सेंद्रिय द्रव्य एक टक्क्याच्याही खाली असतं. खत घालता येतं, ठिबकनं पाणी देता येतं, वर काचेचं किंवा प्लॅस्टिकचं छप्पर घालता येतं. दक्षिणेला वफ्रा आणि उत्तरेला अब्दली या भागांत अशी हरितगृहं आहेत, त्यांत काकडी-टोमॅटो पिकतात. पण अशा रिकाम्या जमिनीत एकदा रोगाची बुरशी शिरली की तिला अडवायला तिथे कुणी नसतं. भरल्या घरात चोर शिरला तर कुणीतरी ओरडतं. रिकाम्या घरात तो आरामात मुक्काम करतो.

माती 'भरलेली' असणं म्हणजे नक्की काय, हे माणसाला कसं कळत गेलं त्याची ही गोष्ट. मी शेतीतज्ज्ञ नाही, संशोधन करणारा इंजिनिअर आहे. पण ही गोष्ट वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की तिचा एक महत्त्वाचा टप्पा होळकरांच्या इंदूरात घडला, आणि त्यातलं एक नाव आपल्याकडचं असूनही आपण ते जवळजवळ विसरलो आहोत.

मर

सुरुवात तुरीपासून करू. तुरीचं हिरवंगार झाड फुलोऱ्यात असताना अचानक माना टाकतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत उभ्या उभ्या वाळतं. खोड उभं चिरलं तर आत काळपट-तपकिरी रेघ दिसते. आपले शेतकरी याला 'मर' म्हणतात. याहून नेमकं नाव शास्त्रज्ञांनाही सुचलेलं नाही.

या मरीचा पहिला नीट तपास एडविन बटलर या वनस्पतीरोगतज्ज्ञानं बिहारमधल्या पुसा इथे केला. पुसाची शेती संशोधन संस्था तेव्हा नुकतीच उभी राहत होती. १९१० साली त्यानं तुरीच्या मरीवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला आणि जबाबदार बुरशीला नाव दिलं 'फ्युजॅरियम उडम'. ही बुरशी मातीतून मुळांत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वस्ती करते. नळ्या तुंबतात आणि झाड तहानेनं मरतं, खाली जमिनीत ओल असली तरी!

मातीतल्या रोगाची अडचण इथेच आहे. पानावरच्या रोगावर फवारणी करता येते. हा शत्रू मात्र जमिनीत, मुळांच्या आत आणि मागच्या पिकाच्या धसकटांत दोन-तीन वर्षं दबा धरून बसतो. एकरभर जमिनीची एक फूट खोलीपर्यंतची माती म्हणजे हजार-बाराशे घनमीटर. एवढ्या मातीत औषध पोचवायचं कसं आणि परवडायचं कसं?

हॉवर्ड, गॅब्रिएल आणि वाड

बटलर पुसाला असताना तिथेच आणखी एक माणूस काम करत होता, अल्बर्ट हॉवर्ड. जन्म १८७३, इंग्लंडातल्या श्रॉपशरचा शेतकऱ्याचा मुलगा. १९०५ साली तो पुसाला आला आणि त्याच वर्षी त्याचं गॅब्रिएल मथाई या केंब्रिजच्या वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंशी लग्न झालं. (हे 'मथाई' आपल्या केरळातलं नव्हे!) पुसा गव्हाचे प्रसिद्ध वाण या दोघांच्या कामातून आले.

विशेष म्हणजे हॉवर्ड मूळचा बुरशीतज्ज्ञ. वेस्ट इंडीजमध्ये त्यानं तेच काम केलं होतं. पण पुसाला आल्यावर त्याला प्रश्न पडला, की प्रयोगशाळेत रोगाच्या बुरशीची कुंडली मांडत बसायचं, की शेजारच्या शेतात काही झाडं रोगी आणि काही निरोगी का असतात ते पाहायचं? त्यानं दुसरा रस्ता धरला. मुळं खणून पाहिली, जमिनीत हवा खेळते का ते पाहिलं, आसपासच्या शेतकऱ्यांची कामाची पद्धत पाहिली. त्याचं मत होत गेलं की रोग हा मातीच्या दुखण्याचा निरोप्या आहे.

१९२४ साली हॉवर्ड दांपत्य इंदूरला आलं. तिथे मध्य भारतातली संस्थानं आणि कापसासाठीची मध्यवर्ती समिती यांच्या पैशातून 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' सुरू झाली. होळकर दरबारानं सुमारे ३०० एकर जमीन दिली. आज त्याच जागी इंदूरचं कृषी महाविद्यालय आहे. संस्थेच्या रसायनशास्त्र विभागात मुख्य साहाय्यक होते यशवंत वाड.

काळी जमीन, कापूस आणि तूर, आणि खताची मारामार. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात होत्या. शेतात उरत होत्या कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या. दोन्ही लाकडासारख्या टणक, सहजासहजी न कुजणाऱ्या. चीनमधले शेतकरी हजारो वर्षं काडीकचरा कुजवून जमीन जिवंत ठेवतात, हे एफ. एच. किंग या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९११ सालच्या पुस्तकातून हॉवर्डला ठाऊक होतं. इंदूरात त्याला हवी होती मोजून-मापून केलेली, कुठल्याही खेड्यात जमेल अशी रीत. त्यातलं रसायनशास्त्र वाड यांचं.

ती रीत थोडक्यात अशी. पऱ्हाट्या-तुराट्या आधी शेतरस्त्यावर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडून निघतात (यंत्र नको, वीज नको). मग हा चिरडलेला काडीकचरा गोठ्यात बैलांच्या अंगाखाली अंथरायचा, म्हणजे त्यात मूत्र मुरतं. गोठ्यातली मूत भिजलेली माती खणून घ्यायची. चुलीतली राख घ्यायची, तिनं आंबटपणा जातो. हे सगळं उथळ खड्ड्यांत थरांनी भरायचं, वरून शेणकाला शिंपडायचा. आणि त्या काल्यात पंधरा दिवसांपूर्वी भरलेल्या खड्ड्यातलं, बुरशीनं पांढरं झालेलं थोडं खत मिसळायचं. म्हणजे चक्क विरजण लावायचं! आपल्या आया रोज रात्री दुधाला करतात तेच काम वाड-हॉवर्ड पऱ्हाट्यांना करत होते.

दोन-तीन दिवसांत ढीग तापतो, आतलं तापमान साठ-पासष्ट अंशांपर्यंत जातं. पंधरा-सोळा दिवसांनी पहिली पालटणी, महिन्यानं दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. तीन महिन्यांत खत तयार. सुरुवातीला बुरशा टणक काड्या फोडतात आणि नंतर जिवाणू पुढचं काम हाती घेतात, असा त्यांनी क्रम मांडला.

हे सगळं १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं पुस्तकरूपानं काढलं. विषय शेतीतल्या टाकाऊ पदार्थांपासून ह्युमस करण्याचा, आणि मुखपृष्ठावर नावं दोन: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. गॅब्रिएल त्याच्या आदल्याच वर्षी, १९३० मध्ये वारल्या होत्या. १९३१ मध्ये हॉवर्ड इंग्लंडला परतला. वाड इंदूरलाच होते. १९३४ मध्ये त्यांनी नवे संचालक जॅक्सन यांच्याबरोबर याच पद्धतीनं वस्तीतला मैला आणि कचरा कुजवण्यावर लेख लिहिला. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली आणि 'हरिजन'मधून या खताची माहिती दिली गेली.

पुढे हॉवर्ड 'सर' झाला, जगभरच्या सेंद्रिय चळवळीचा आजोबा ठरला. पद्धतीला इंदूरचं नाव मिळालं. वाड मात्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच राहिले.

ढिगाचं पोट आणि ढिगाची पाठ

मला इंजिनिअर म्हणून या पद्धतीत सगळ्यात काय आवडतं सांगू? एकाच ढिगात दोन विरुद्ध कामं होतात. ढिगाच्या पोटात साठ अंशांवर रोगाच्या बहुतेक बुरशा, तणाचं बी, किडींच्या अळ्या भाजून निघतात. म्हणजे तुराटीत दबा धरून बसलेली मर तिथेच संपते. आणि ढिगाच्या थंड पाठीवर काडी खाणाऱ्या, झाडाला अपाय न करणाऱ्या बुरशा जिवंत राहतात. ढीग पालटला की पाठ पोटात जाते आणि पोट पाठीवर येतं. शेवटी सगळा ढीग थंड होतो तेव्हा रोग गेलेला असतो आणि सगळीकडे मित्रांची वस्ती झालेली असते. शत्रूला हाकलून त्याच घरात भाडेकरू बसवण्याचा हा प्रकार!

हॉवर्डला यातलं सगळं ठाऊक नव्हतं. १९३७-३८ च्या हिवाळ्यात तो भारत-सिलोनमधल्या चहाच्या मळ्यांत फिरला. कंपोस्ट घातलेल्या चहाच्या मुळांवर त्याला मायकोरायझा दिसला. हा बुरशी आणि मुळं यांच्यातला सहकार: बुरशी मातीतलं फॉस्फरससारखं द्रव्य आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. इंग्लंडात रेनर बाई पाइनच्या झाडांवर हेच पाहत होत्या. हॉवर्डनं निष्कर्ष काढला की हाच तो पूल, ह्युमसमधलं आरोग्य झाडात नेणारा. १९४० च्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात त्यानं जवळजवळ सगळ्या रोगांचं उत्तर ह्युमस आणि मायकोरायझा यांत शोधलं.

इथे तो फार पुढे गेला. कंपोस्ट घातलं की रोग हटतोच, असं शेतात होत नाही. कधी हटतो, कधी काहीच फरक पडत नाही, कधी तर वाढतो. रसायनवाल्यांनी त्याला वेड्यात काढलं, अनुयायांनी देव केलं, आणि 'कधी हटतो आणि कधी नाही' हा खरा प्रश्न कित्येक वर्षं तसाच पडून राहिला.

दुसरा धागा: विळखा घालणारी बुरशी

इकडे हे पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, कॅलिफोर्नियात रिचर्ड वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली एक दृश्य नोंदवलं. लिंबूवर्गीय रोपं कोलमडवणारी 'रायझोक्टोनिया' ही बुरशी वाढत होती. तिच्या धाग्यांभोवती दुसरीच एक हिरवट बुरशी वेलीसारखी विळखे घालत होती आणि तिला खात होती. ती 'ट्रायकोडर्मा'. नंतर त्यानं दाखवलं की ही बुरशी विषारी द्रव्यही सोडते. रोपांवर प्रयोग केले तेव्हा माती आम्लधर्मी केली तरच काम नीट जमत होतं. म्हणजे नुसती बुरशी सोडून भागत नव्हतं, तिला घर मानवावं लागत होतं. हा धडा त्याच वेळी लिहून ठेवलेला आहे.

ट्रायकोडर्माची आणखी एक ओळख दुसऱ्या महायुद्धात झाली. पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू भराभर कुजायला लागले. तपास केला तर या कुळातली एक बुरशी कापडातला सेल्युलोज खात होती. आज तिच्यापासून औद्योगिक एन्झाइम काढतात, आणि एल्विन रीज या शास्त्रज्ञावरून तिचं नाव 'ट्रायकोडर्मा रीसी'. थोडक्यात, शिकार करणं हा या कुळाचा एक स्वभाव आणि सुतकाडी खाणं हा दुसरा. पऱ्हाटी म्हणजे तिच्यासाठी ताटच.

आता हे दोन धागे एकत्र यायला हवे होते. एका बाजूला खत करणारे, दुसऱ्या बाजूला बुरशी जाणणारे. पण युद्धानंतर जमाना आला रसायनांचा. मिथिल ब्रोमाइडसारखा वायू सोडला की जमिनीतलं बरं-वाईट सगळंच मरतं. पीक पहिल्या वर्षी दणदणीत येतं. मग बांधावरून, रोपांतून, पाण्यातून रोगाची बुरशी परत येते आणि बघते तर काय, रान मोकळं! पुढे हा वायू ओझोनचा थर खातो म्हणून माँट्रियल करारानुसार विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत त्याचा शेतातला वापर (काही अपवाद सोडून) थांबवला. तेव्हा कुठे जुनी पुस्तकं पुन्हा उघडली गेली.

ज्या मातीत रोग टिकत नाही

दरम्यान फ्रान्समध्ये एक चमत्कारिक गोष्ट कळली होती. ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शातोरनार नावाच्या गावी खरबुजाला मर लागत नसे. मातीत मरीची बुरशी मुद्दाम घातली तरी रोग दबून राहायचा. ती माती वाफेनं निर्जंतुक केली की मात्र रोग फोफावायचा. आणि त्या भाजलेल्या मातीत मूळची थोडी माती मिसळली की पुन्हा संरक्षण! याचा अर्थ सरळ होता. रोगाला अडवणारी गोष्ट जिवंत होती. तपासात निघालं की त्या मातीत फ्युजॅरियमचेच निरुपद्रवी भाऊबंद भरपूर होते. ते अन्न आणि मुळांवरची जागा आधीच अडवून बसत, त्यामुळे रोगकारक भावाला उभं राहायला जागा उरत नसे. आपल्या लोकलच्या डब्यात चौथी सीट कशी मिळते ते आठवा.

याच फ्युजॅरियम घराण्यातला आणखी एक खलनायक अरब जगात कुप्रसिद्ध आहे. मोरोक्कोच्या द्रा नदीच्या खोऱ्यात १८७० च्या सुमारास खजुराच्या झाडाची पानं एका बाजूनं पांढरी पडून झाडं मरू लागली. अरबीत पांढरा म्हणजे 'अब्यद', त्यावरून रोगाचं नाव पडलं 'बायूद'. पुढच्या शंभर वर्षांत मोरोक्कोतली एक कोटीच्या घरातली झाडं या रोगानं गेली, आणि तो अल्जिरियातही पसरला. औषध नाही. टिकणारे वाण होते, पण त्यांतल्या बहुतेकांचा खजूर चवीला बेताचा. अशातही मराकेशच्या खजूरबनाची माती बायूदला दाद देत नाही असं संशोधकांना आढळलं. कारण तेच, मातीतली गर्दी. गेली काही दशकं मोरोक्कोतले शास्त्रज्ञ कंपोस्ट आणि मायकोरायझा वापरून खजुराची रोपं सक्षम करण्याचे प्रयोग करत आहेत. बायूद कुवेतपर्यंत पोचलेला नाही. शर्कच्या रस्त्यावरच्या खजुराकडे पाहताना मनात येतं, की तो आलाच तर या वाळूत त्याला विचारणारं कोण आहे?

खताला वय असतं

दोन्ही धागे खऱ्या अर्थानं एकत्र आले ते अमेरिकेतल्या ओहायोत, आणि तेही जरा काटकसरीपोटी. तिथल्या नर्सरीवाल्यांनी महागड्या पीटऐवजी कुंड्यांत झाडाची कुजवलेली साल वापरायला सुरुवात केली. साल फुकटात पडलेली होती. गंमत म्हणजे पीटमध्ये मूळकूज होणारी रोपं सालीच्या खतात ठणठणीत राहू लागली. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या हॅरी हॉइटिंक यांनी १९७० नंतरची काही दशकं याच कोड्यावर घालवली.

त्यांच्या कामातून जे निघालं ते मला या सगळ्या इतिहासाचं सार वाटतं. खताला वय असतं.

कच्चं खत घ्या. त्यात सेल्युलोज मुबलक. ट्रायकोडर्मा त्यात मजेत वाढते, पण रायझोक्टोनियाही वाढते आणि दोघी शेजारी शेजारी जेवतात. पोट भरलेलं असताना ट्रायकोडर्मा शिकारीची एन्झाइमं तयार करत नाही. म्हणून कच्चं शेणखत घातलेल्या वाफ्यात मित्रबुरशी असूनही रोपं कोलमडतात.

पक्व खत घ्या. सोपं अन्न संपत आलेलं, पण पूर्ण संपलेलं नाही. आता ट्रायकोडर्माला शेजारणीकडे बघावं लागतं. ती विळखा घालते. रोग दबतो.

आणि फार जुनं, पार काळं भुसभुशीत झालेलं द्रव्य घ्या, उदाहरणार्थ दलदलीच्या तळातलं काळं पीट. त्यात खाण्यासारखं काही उरलेलंच नाही. तिथे वरून मित्रबुरशी टाकली तरी ती टिकत नाही, उपासमारीनं संपते.

म्हणजे बुरशी अर्धपोटी हवी! तुडुंब भरलेली आळशी होते, उपाशी मरते.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती ढिगाच्या पोटाची. गरम ढिगाच्या मधलं खत थेट उचललं तर त्यात रोग नसतो, पण मित्रही नसतात, तेही भाजून गेलेले असतात. ढीग थंड होताना पाठीवरचे मित्र आत शिरायला वेळ द्यावा लागतो. हॉवर्ड-वाड यांची तिसरी पालटणी आणि त्यानंतरचा महिना यांचा अर्थ इथे पन्नास वर्षांनी उलगडला. हॉवर्डला जो 'कधी हटतो, कधी नाही' छळत राहिला, त्याच्या उत्तराचा मोठा भाग खताच्या वयात होता.

पाकीट आणि बाटली

आता आपल्याकडे येऊ. माझे मामा यवतमाळ जिल्ह्यात कापूस-तूर करतात. मध्यंतरी फोनवर म्हणाले, "दोन वर्सं झाले पाकिटं टाकून रायलो बापू, तूर तं वायतेच. हे खरं असते का काही?"

खरं असतं मामा, पण पाकिटात निम्मीच गोष्ट असते. आपल्याकडच्या नियमानुसार ट्रायकोडर्माच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू असायला हवेत. दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेल्या पाकिटात किती उरतात हा एक प्रश्न. आणि उरले तरी ते सेंद्रिय कर्ब नसलेल्या, उन्हानं तापलेल्या जमिनीत पडले तर काय खाणार? कृषी विद्यापीठांची शिफारस मुळात अशी असते की भुकटी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर ठेवून सावलीत काही दिवस मुरवा आणि मग शेतात द्या. पाकिटावर ही ओळ बारीक अक्षरात असते आणि दुकानदार ती वाचून दाखवत नाही. शेणखत नाही म्हणून तर माणूस पाकीट घेतो, असा हा तिढा आहे.

ह्युमिक ॲसिडच्या बाटल्यांचं तसंच. बाजारातलं बरंचसं ह्युमिक ॲसिड कंपोस्टमधून नव्हे, तर लिग्नाइटसारख्या कोळशातून काढलेलं असतं. त्यानं मुळं वाढायला मदत होऊ शकते, पण ते मातीतली गर्दी नव्हे. कंपोस्ट पाण्यात भिजवून काढलेल्या अर्काचे प्रयोग जर्मनीत १९८० च्या दशकात बरेच झाले. तो अर्क उकळला की त्याचा गुण पुष्कळदा जातो. यावरून काय समजायचं ते आपण समजलो.

आणि खताचा उपाय आपल्याच गावात पडलेला आहे. याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार हौदात, सुमारे शंभर किलो शेणात दोन-तीन टन खत करण्याची रीत बसवली. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून देशभर गेली. शेण थोडं, काडीकचरा आणि माती जास्त, हवा खेळती, तीन-चार महिने. इंदूरची ही पुसदची भाची म्हणायला हरकत नाही.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खत आणि बुरशी यांनी मर पूर्ण जात नाही. तुरीला मरप्रतिकारक वाण लागतोच. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीएसएमआर ७३६ हा त्यातला नावाजलेला. पाणी साचू न देणं लागतं. ज्वारीत तूर घेतली की मर कमी होते, हे इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये आकडेवारीनिशी दाखवलं. आपल्या आज्या-पणज्यांच्या शेतात ज्वारी-तूर शेजारी शेजारीच असायची. सोयाबीन आलं, ज्वारी गेली, बैल कमी झाले, गोठा रिकामा झाला. मातीतली गर्दी एका दिवसात पांगलेली नाही.

मामांकडे दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाट्या पेटवतात. त्यांनाही कारण आहे. शेतात किंवा बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी आसरा घेते, म्हणून ती काढून टाका असं कृषी खातंही सांगतं. पण काढून टाकणं म्हणजे जाळणंच असं नाही. पऱ्हाटीचे तुकडे करून तापलेल्या ढिगात घातली तर अळी मरते, मर मरते आणि मित्रबुरशीचं ताट वाढून होतं. १९२५ साली चिरडायला बैलगाडीची चाकं होती, आज ट्रॅक्टरवर चालणारं तुकडे करण्याचं यंत्र मिळतं. एका शेतकऱ्याला ते परवडत नाही, पण गावाला परवडू शकतं.

इथे कुवेतमध्ये लोक पैसे मोजून दुसऱ्या खंडातला अर्धवट कुजलेला पाला विकत घेतात, कारण त्यांच्याकडे पालाच नाही. आपल्याकडे तो शेतात उभा असतो, आणि त्याचं काय करायचं हे शंभर वर्षांपूर्वी इंदूरात एका मराठी आडनावाच्या रसायनतज्ज्ञानं मोजून-मापून लिहून ठेवलं आहे. या फेब्रुवारीत तुमच्या ओळखीचं कुणी पऱ्हाटी पेटवणार असेल, तर त्याला निदान एका गाडीभर पऱ्हाटीचा ढीग लावून बघायला सांगा. तीन महिने, तीन पालटण्या. आणि पाकीट आणलंच असेल तर ते ढीग थंड झाल्यावर त्यात मिसळायचं, आधी नाही.